सैल नळीची ब्राउनिंग एसए-२२ : दुरुस्तीनंतरचे आठ महिने

जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेची ही .२२ रायफल बेल्जियममधील एफएन कारखान्यात १९१४ पासून तयार होऊ लागली. माझ्याकडची जुनी आहे. पाव फेऱ्यात नळी सुटते आणि दोन तुकडे पिशवीत मावतात, ही तिची खरी मौज. पण वर्षानुवर्षे जोडून-सोडून नळी डुगडुगू लागली होती. एका हाताने रिसीव्हर (बंदुकीची यंत्रणा असलेला मधला भाग) आणि दुसऱ्याने नळी धरून हलवली की हलकीशी टकटक बोटांना जाणवे.

काडतूस आत नाही याची दोनदा खातरजमा करून नळी उतरवली, तेव्हा सांध्यात कोणीतरी कापून बसवलेली पातळ पत्र्याची चकती सापडली. ती एका बाजूने चुरगळलेली होती, त्यामुळे नळी घट्ट होण्याऐवजी तिरकी बसत होती. चकती काढून खंडित (मध्येमध्ये तोडलेल्या) आट्यांमधले वाळून काळे झालेले तेल मऊ ब्रशने साफ केले आणि निम्मी डुगडुग तेवढ्यानेच गेली.

उरलेल्या सैलपणाची सोय मूळ रचनेतच आहे. नळीच्या मागच्या टोकावर खाचा असलेले एक कडे असते, आणि ते फिरवले की सांध्यातली झीज भरून निघते. मी घाईने एकदम तीन खाचा फिरवल्या, नळी जोर लावून बसवावी लागली आणि आट्यांवर एक चकचकीत ओरखडा उठला, ज्याची हळहळ अजून वाटते. दोन खाचा मागे आल्यावर ती हाताच्या साध्या दाबाने बसू लागली. म्हणून दर वेळी एकच खाच फिरवावी आणि लगेच जोडून पाहावे. त्यानंतर जाणत्या बंदूक-कारागिराकडून काडतुसाच्या मागची फटही मोजून घेतली.

मूळ माशी (नेम धरायची पुढची खूण) आणि मागचे नेमसाधन दोन्ही नळीवरच असल्याने नळी सैल असतानाही नेम फारसा ढळत नव्हता. रिसीव्हरवर बसवलेल्या दुर्बिणीने मात्र दर जोडणीनंतर गोळ्या वेगळ्याच जागी पडत. दुरुस्तीनंतर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला, तरी दुर्बीण लावायचीच तर ती नळीवर असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहाव्या महिन्यात टकटक किंचित परतली. सांधा पुसला, कडे आणखी एक खाच फिरवले; तेव्हापासून नळी घट्ट आहे.