स्टेन गन मार्क २: दिसायला भंगार, तरी पैसा वसूल
इंग्लंडात एका मिलिटरी फेअरला निकामी केलेली स्टेन (दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची सबमशीन गन) हातात घेतली, अक्षरशः प्लंबरने उरलेल्या पाइपातून जोडल्यासारखी, पण १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेतल्यावर ब्रिटिशांकडे हत्यारांची बोंब होती तर १९४१ मध्ये दुसरं काय करणार होते म्हणा. मार्क ३ तर खेळणी बनवणाऱ्या लाइन्स ब्रदर्सनी बनवली! वजन ३ किलोच्या आसपास, खोलायला सोपी. खरी गोची मॅगझीनची, ३२ गोळ्या दोन रांगांत येतात आणि तोंडाशी एकाच रांगेत घुसायला बघतात की झालं जॅम, म्हणून सैनिक दोन-चार कमीच भरायचे. मे १९४२ ला प्रागमध्ये नाझी अधिकारी हायड्रिखवरच्या हल्ल्यात ऐन वेळी हिनेच दगा दिला, शेवटी बॉम्बने काम केलं. लांबच्या निशाण्याला ली-एनफिल्ड रायफलच बरी, घराघरातल्या मारामारीला मात्र ही मस्त.