पोलादी इमारतीचा सांधा : जागेवरचे वेल्डिंग, बोल्टची प्लेट की तिरके ब्रेसिंग?

लातूर, औसा, उमरगा या पट्ट्यात दवाखाना किंवा दुमजली शोरूम लोखंडी सांगाड्यात बांधू पाहणाऱ्याने टनाच्या भावाआधी बीम आणि कॉलम यांच्या सांध्याची चौकशी करावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची जड घरे कोसळली, म्हणून हलके बांधकाम आपोआप सुरक्षित असते, असे आपल्याकडे अनेकजण मानतात. ते अर्धेच खरे आहे.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज भूकंपात पोलादी इमारती उभ्या राहिल्या, पण अनेक इमारतींत बीमच्या खालच्या फ्लँजचे (आडव्या पट्टीचे) वेल्डिंग कॉलमपाशी ठिसूळपणे तडकले होते आणि अग्निरोधक लेपाआड ते सहज दिसतही नव्हते. खालच्या फ्लँजचे वेल्डिंग वरून करताना मध्ये वेब (बीमची उभी पट्टी) आडवा येतो, वेल्डरला हात थांबवून पलीकडून पुन्हा सुरुवात करावी लागते आणि नेमका तिथेच दोष राहतो. वितळलेला धातू खाली पडू नये म्हणून वेल्डखाली लावलेली आधारपट्टी न काढता सोडली, तर तिच्या कडेची फट भेगेला वाट करून देते. वेल्डचा धातू चिवट नसेल, तर ती भेग थांबत नाही.

म्हणून जागेवरचे वेल्डिंग निवडायचे असेल, तर पट्टी काढणे, चिवट इलेक्ट्रोड वापरणे आणि प्रत्येक महत्त्वाच्या वेल्डची अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणारी) तपासणी करणे या अटी करारातच लिहून घ्याव्यात. कॉलमपासून थोड्या अंतरावर बीमचे फ्लँज गोलाईत कापून मुद्दाम अरुंद केले, तर बीम तिथे वाकतो आणि वेल्डवरचा ताण कमी होतो. मात्र ती कापणी गुळगुळीत हवी.

माझा कल बोल्टच्या जाड प्लेटकडे, म्हणजे बीमच्या टोकाला वेल्ड करून कॉलमला बोल्टने जोडायच्या प्लेटकडे आहे. यात फ्लँजचे वेल्डिंग कारखान्यात, बीम हवा तसा फिरवून होते आणि साइटवर उच्च ताकदीचे बोल्ट ठरलेल्या ताणापर्यंत आवळणे एवढेच उरते. लोखंड थोडे जास्त लागते आणि भोके अचूक जुळावी लागतात. खर्च वाचवण्यासाठी प्लेट पातळ केली, तर ती वाकून बोल्टवर जादा ओढ आणते. ही काटकसर कदापि मान्य करू नये.

आयएस ८००:२००७ ही पोलादी बांधकामाची भारतीय संहिता बीम-कॉलमच्या साध्या चौकटीसाठी ४ आणि विशेष (भूकंपात जास्त वाकू शकणाऱ्या) चौकटीसाठी ५ हा बल घटवण्याचा गुणक, म्हणजे डिझाइनमध्ये भूकंपाचे बल किती पट कमी धरायचे तो आकडा, देते, पण विशेष चौकटीच्या सांध्याने ताकद न गमावता ०.०४ रेडियन (सुमारे सव्वादोन अंश) फिरणे सोसले पाहिजे. साध्या चौकटीला ०.०२ पुरते. फॅब्रिकेटरला ते दाखवता येत नसेल, तर ५ धरून केलेले डिझाइन नाकारावे.

गोदाम किंवा शीतगृहात भिंती सलग असल्याने तिरके ब्रेसिंग (चौकटीत कर्णासारखे बसवलेले दांडे, म्हणजे ब्रेस) स्वस्त पडते आणि इमारत कमी हलते. दाब आल्यावर ब्रेस बाजूला वाकतो, त्यामुळे टोकाच्या गसेट प्लेटला (ब्रेस चौकटीला जोडणाऱ्या प्लेटला) न फाटता दुमडण्याइतकी मोकळी जागा नकाशातच दाखवलेली असावी.