सीओपीडीचा पेशंट कुठल्या गटात टाकायचा? ग्रेड, एबीई की क्लस्टर

चेस्ट ओपीडीत नवीन बसायला लागलेले ज्युनिअर हमखास विचारतात की सीओपीडीचे (फुफ्फुसातल्या हवेच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा आजार) गट पाडायच्या एवढ्या पद्धती आहेत तर नेमकी कुठली धरायची. माझं मत सरळ आहे, औषध ठरवायचंय तर एबीई (त्रास आणि झटक्यांवरून पाडलेले ए, बी, ई हे तीन गट) आणि जोडीला इओसिनोफिल (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी), बाकीचं त्यानंतर.

स्पायरोमेट्रीचे (फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या तपासणीचे) १ ते ४ ग्रेड सगळ्यांना पाठ असतात. पंप देऊन परत फुंकायला लावायचं, पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा (एफईव्ही१) आणि एकूण फुंकलेली हवा यांचा रेशो ०.७० च्या खाली आला की मग एफईव्ही१ अपेक्षित आकड्याच्या किती टक्के ते बघायचं, ८० टक्के किंवा वर असेल तर ग्रेड १, ३० च्या खाली ग्रेड ४. यातून फुफ्फुस किती गेलंय ते कळतं पण माणसाला किती त्रास होतोय ते नाही कळत, ४५ टक्केवाला रोज शेतावर जाऊन येतो आणि ६० टक्केवाल्याला आंघोळ करतानाच धाप लागते, दोन्ही बघितलेत.

एबीई नेमका तो त्रास विचारतं. २०२३ च्या गोल्ड रिपोर्टमध्ये (सीओपीडीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना) जुन्या एबीसीडीतले सी आणि डी एकत्र करून ई केला. त्या रिपोर्टप्रमाणे वर्षात औषध वाढवावं लागलं असे दोन झटके (त्रास अचानक वाढणं), किंवा एकदा ॲडमिट, की ई धरायचे. नाहीतर धाप आणि कॅट स्कोअर (त्रासाच्या छोट्या प्रश्नावलीचे गुण) बघून त्रास कमी तर ए, जास्त तर बी. ई मध्ये इओसिनोफिल ३०० च्या वर असतील तर स्टिरॉइडवाला पंप सुरुवातीलाच विचारात घ्यायचा, १०० च्या खाली असतील तर फायदा कमी आणि न्यूमोनियाचा धोका उगाच गळ्यात. साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) मिळणारा आकडा आहे हो, तरी बघितला जात नाही!

कारणावरून गट पाडायची पद्धत आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. एक मावशी आल्या होत्या, विडी सिगरेट कधीच नाही, जुन्या फाइलवर नुसतं दमा लिहिलेलं. चुलीचं विचारलं तर काही न बोलता मूठ तोंडाशी नेऊन फुंकणी धरल्यासारखी करून दाखवली. धुराच्या सीओपीडीत श्वासनलिकांचा आजार जास्त असतो, एम्फिसीमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटून मोठ्या होणं) सिगरेटवाल्यांपेक्षा कमी. एम्फिसीमा भरपूर असेल, त्यातही वरच्या भागात, तर सीटी करून ऑपरेशन किंवा श्वासनलिकेत बसवायच्या व्हॉल्व्हचा विचार होतो, तिथे सीटीवरचा प्रकार खरंच उपयोगी.

कॉम्प्युटरने पेशंटच्या माहितीतून पाडलेले क्लस्टर (सारख्या पेशंटचे गट) थिसिसला घ्या, पण एका अभ्यासातले गट दुसऱ्यात नीट जुळत नाहीत, बरेच पेशंट दोन गटांच्या मधेच बसतात. ओपीडीच्या फाइलवर मात्र एका ओळीत लिहा: ग्रेड ३, गट ई, इओसिनोफिल ३४०, चूल ३० वर्षं.