ड्रमगिझ्मो: तेरा माइकांचा पसारा

बडोद्यात नवरात्राआधी गरब्याचे ट्रॅक बांधणाऱ्यांनी आधीच ऐकून ठेवावं: ड्रमगिझ्मो या संगणकावर ड्रम वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या किटांत, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या वाद्यसंचांत, ढोल-ताशा नाही. आहे तो पाश्चात्त्य ड्रमसेट, पण प्रत्येक फटका एकाच वेळी सगळ्या माइकांवर टिपलेला. त्यातल्या डीआरएसकिट या संचाचे 13 चॅनल (एका माइकाला एक) असे: किकला (पायाने वाजणारा मोठा ड्रम) पुढून-मागून दोन, स्नेअरला वरून-खालून दोन, तीन टॉम, हायहॅट, राइड, दोन ओव्हरहेड (सेटच्या वर टांगलेले) आणि खोलीचे दोन.

प्रोग्रॅम डेबियन-उबुंटूच्या रिपॉझिटरीत फुकट आहे. किट वेगळं उतरवायचं. फाइल दणदणीत मोठी, रात्री लावून ठेवा. आर्डर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ड्रमगिझ्मो प्लगइन म्हणून (आत जोडून) चालतो; त्याला दोन फाइली लागतात, किटची आणि मिडीमॅपची (कोणत्या मिडी नोटला कोणतं वाद्य, याची यादी). दुसरी राहिली की मिडी नोट पळताना दिसतात, आवाज शून्य. ‘प्लगइन बिघडलंय’ ही ओरड बहुधा इथलीच.

पुढचा घोळ जास्त फसवा. ट्रॅक स्टिरिओच राहिला तर पहिले दोनच चॅनल ऐकू येतात, आणि किटच्या स्वतःच्या क्रमात ते खोलीचे माइक आहेत. किक शेजारच्या वाड्यात वाजतेय असं वाटतं! म्हणून ट्रॅक घेतानाच पिन मोड (प्लगइनचे चॅनल ट्रॅकला जोडायची पद्धत) ‘फ्लेक्झिबल’ ठेवा, मग ‘फॅन आउट टू बसेस’ करा, म्हणजे चॅनल वेगवेगळ्या वाटांनी मिक्सरवर येतात. प्लगइनला 16 आउटपुट आहेत, त्यामुळे तीन रिकामे राहतात.

मिक्स करताना स्नेअरच्या खालच्या माइकाची फेज (लहरीची दिशा) उलटवून पाहा, नाहीतर दोन्ही माइक एकत्र आल्यावर स्नेअरचं पोटच जातं. टॉमवर कडक गेट (हळू आवाज बंद करणारं साधन) लावून ब्लीड, म्हणजे शेजारच्या वाद्यांचा माइकात झिरपलेला आवाज, छाटू नका. सेट एका खोलीत वाजतोय हा भास त्या गळतीमुळेच येतो, आणि ती नको असेल तर एवढा खटाटोप कशाला? फारच झाली तर प्लगइनमधलं ब्लीड कंट्रोल आहे, पण किटमध्ये ती सोय असेल तरच चालतं.

8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डिस्क स्ट्रीमिंग (आवाज लागेल तसा डिस्कवरून वाचणं) चालू करा, कारण एरवी अख्खं किट रॅममध्ये चढतं. किट मात्र एसएसडीवर हवं; जुनी फिरती हार्ड डिस्क भरगच्च फिलला मागे पडते आणि आवाज तुटतो.

ऑक्टापॅडवरून थेट वाजवताना टायमिंग ह्युमनायझर (फटके माणसासारखे किंचित पुढे-मागे करणारी सोय) बंदच ठेवा. एखादा फटका किंचित आधी पाडता यावा म्हणून तो सगळेच फटके मागे रोखून धरतो, आणि हाताला ते लगेच कळतं. व्हेलॉसिटीचा, म्हणजे फटक्याच्या जोराचा, ह्युमनायझर खुशाल चालू राहू दे.

फक्त डेमोपुरता ठेका हवा असेल तर एव्हीएल ड्रम्स या दुसऱ्या ड्रम प्लगइनचं स्टिरिओ रूप घ्या. मिडीमॅपची भानगड नाही, लावलं की वाजतं.