भ्रष्टाचार निवारण अधिनियम १९८८ (हिंदी-इंग्रजी प्रत): इंदूरच्या खजुरी बाजारातली खरेदी

नव्वद रुपयांना मिळाली. पातळ पुठ्ठ्याची, पर्समध्ये मावणारी. चार महिने जवळ आहे, म्हणून लिहितेय.

हे गेल्यावर फॅमिली पेन्शनच्या फायलीसाठी एका कार्यालयात माझ्याकडून चार हजार घेतले. २०२२ साल. "आंटी, ऊपर तक देना पड़ता है." दिले, आणि रामबागेत घरी येऊन रडले. तेव्हापासून लाचेचा विषय निघाला की माझं एकच म्हणणं: फाशी द्या यांना. चीनमध्ये देतात ना! हुआरोंग या तिथल्या सरकारी वित्तसंस्थेच्या माजी प्रमुखाला, लाय शियाओमिनला, जानेवारी २०२१ मध्ये लाचखोरीपायी मृत्युदंड दिलाच.

आपल्याकडे फाशी कुठल्या कलमात बसते ते शोधायलाच ही प्रत आणली. कुठेच नाही. कलम ७ मध्ये लाच घेणाऱ्याला तीन ते सात वर्षं, पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्याला कलम १४ मध्ये पाच ते दहा. एवढंच? असा संताप आला.

मग कलम ८ वाचलं. देणाराही गुन्हेगार, सात वर्षांपर्यंत. पण ज्याला द्यायला भाग पाडलं त्याने सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तर तो सुटतो. आधीच कळवून, सापळ्यासाठी म्हणून पैसे दिले तरी गुन्हा नाही. सात दिवस! माझे तर कधीच उलटून गेले होते. लोकायुक्त पोलीस (आपल्या राज्यात लाचखोरांना पकडणारे) नोटांना पावडर लावून देतात, घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात गुलाबी होतात, हे मी पेपरात कितीदा वाचलं होतं. आपणही तिथे जाऊ शकतो हे मला कुणी सांगितलं नाही.

कलम १९ मात्र सावकाश वाचा. खटल्याला वरिष्ठांची मंजुरी लागते. तिचा निर्णय तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात कळवायचा प्रयत्न करावा, असं लिहिलंय. प्रयत्न! माझं फाशीचं म्हणणं इथे गळून पडलं. जो साहेब तीन वर्षांच्या कैदेसाठी आपल्या माणसाचा कागद पुढे सरकवत नाही, तो फाशीसाठी सरकवेल? व्हिएतनामनेही जुलै २०२५ पासून लाचखोरीची फाशी काढून टाकलीय. मला आता फाशी नको. त्या माणसाला खरोखर तीन वर्षं आत बसवणारी सही हवी आहे.

प्रतीबद्दल: टाईप फार बारीक, चष्मा लावूनही भिंग लागतं. विषयसूची नाही. हिंदी जड आहे, आपल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्यांना दोनदा वाचावं लागेल.

आणि जुनी प्रत स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मी आधी शेजाऱ्यांकडून तीच आणली होती. तिच्यात देणाऱ्याला संरक्षण देणारं कलम २४ आहे. ते २०१८ च्या दुरुस्तीत गेलं आणि सात दिवसांची अट आली. त्या भरवशावर राहिलात तर फसाल. विकत घेताना २०१८ च्याच दुरुस्तीत आलेली धारा (कलम) १७क आहे का, तेवढं उघडून पाहा.

दुसरी प्रत गेल्या आठवड्यात घेतली, खालच्या मजल्यावरच्या वहिनींसाठी. त्यांची नामांतरणाची (मालमत्ता नावावर करायची) फाईल अडकलीय. कलम ८ खाली पेन्सिलीने रेघ मारून दिलीय.