पिन हलवायची तर सिसएफएस की कॅरेक्टर डिव्हाइस?

लिनक्समध्ये जीपीआयओ पिन (बोर्डावरची, प्रोग्रामने चालू-बंद करता येणारी टोकं) युजर प्रोग्रामच्या हाती द्यायच्या दोन वाटा आहेत. जुन्या वाटेने सिसएफएसमधल्या (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या गोष्टी फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) 'एक्सपोर्ट' फाइलमध्ये पिनचा नंबर लिहायचा. मग तिची डिरेक्टरी उगवते आणि आतल्या 'डायरेक्शन', 'व्हॅल्यू' या फाइलींत लिहिणं-वाचणं चालतं. २०१६ च्या ४.८ कर्नलपासून दुसरी वाट आली: चिपची कॅरेक्टर डिव्हाइस फाइल (उपकरणाशी थेट बोलायची फाइल) उघडायची, आयऑक्टलने (कर्नलला थेट हुकूम द्यायच्या कॉलने) हव्या त्या लाइन, म्हणजे पिना, मागायच्या आणि हाती येणाऱ्या फाइल डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलीच्या कर्नलने दिलेल्या क्रमांकावर) पुढचं काम करायचं.

सिसएफएसची गोडी मला मान्य आहे. 'एको' आणि 'कॅट' या लिहिण्या-वाचण्याच्या साध्या आज्ञा, एवढ्यावर दिवा पेटतो. लायब्ररी लागत नाही, कोणत्याही भाषेतून चालतं आणि शिकवताना यासारखं सोपं काही नाही.

माझं मन फिरलं ते घरच्या पाण्याच्या पंपामुळे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचा मुख्य प्रोग्राम रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) सांभाळायचा. नंतर मी एक छोटी स्क्रिप्ट जोडली. पंप चालू आहे की बंद एवढीच नोंद ती दर दहा मिनिटांनी करायची. पिन आधीच एक्सपोर्ट असेल तर पुन्हा एक्सपोर्ट करताना 'डिव्हाइस बिझी' येतं, तेवढी चूक ती गिळायची आणि शेवटी पिन शिस्तीत 'अनएक्सपोर्ट' करायची, म्हणजे परत द्यायची. इथेच घात झाला. सिसएफएसमध्ये पिनला मालक नसतो. परवानगी असलेला कोणीही ती परत करू शकतो, दुसरा कोणी वापरत असला तरी. स्क्रिप्टने पिन सोडली, ती इनपुट झाली, रिले सुटला. मुख्य प्रोग्राम आपल्या उघड्या 'व्हॅल्यू' फाइलमध्ये लिहीतच राहिला आणि दर वेळी 'नो सच डिव्हाइस' खात राहिला. पहाटे टाकी कोरडी. कारण सापडायला दोन दिवस गेले, कारण दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी बरोबर होते.

कॅरेक्टर डिव्हाइसवर हे घडूच शकत नाही. लाइन ज्याने मागितली त्याची. दुसऱ्याने मागितली तर त्याला तिथल्या तिथे नकार मिळतो. प्रोग्राम कोसळला तर कर्नल त्याचे डिस्क्रिप्टर बंद करतो आणि लाइन आपोआप मोकळी होते. मागे उष्टं काही उरत नाही. शिवाय दिशा आणि सुरुवातीची किंमत (व्हॅल्यू) एकाच मागणीत देता येते. सिसएफएसमध्ये नुसतं 'आउट' लिहिलं की पिन आधी खाली जाते, आणि खालच्या पातळीवर चालणारा रिले दर रीस्टार्टला 'टक' करून दचकवतो. त्यावर 'आउट' ऐवजी 'हाय' लिहिण्याचा उपाय आहे, पण तो माहीत असावा लागतो.

नंबरांचं दुखणं वेगळंच. रास्पबेरी पाय ४ वर ६.६ कर्नल आला आणि सिसएफएसच्या लेखी १७ नंबरची पिन ५२९ झाली. नव्या वाटेवर नंबर त्या चिपपुरता असतो, त्यामुळे तो १७ च राहिला.

नव्या वाटेलाही खड्डे आहेत. दुसऱ्याने धरलेल्या लाइनची किंमत बाहेरून सहज वाचता येत नाही. नोंदीचं काम मला शेवटी मुख्य प्रोग्राममध्येच घालावं लागलं. डिस्क्रिप्टर बंद झाल्यावर पिन तशीच राहील याची हमी नाही. २०२३ मध्ये लिबजीपीआयओडी २ (नव्या वाटेची लायब्ररी) आलं तेव्हा आज्ञांची मांडणी बदलली आणि जुन्या स्क्रिप्टा मोडल्या.

स्वतःचा ड्रायव्हर लिहिताय आणि नुसती एक किंमत दाखवायची आहे, तापमान वगैरे, तर सिसएफएसच घ्या. एका फाइलीत एक किंमत, हा नियम तिथे फार छान बसतो. पण वस्तू कोणीतरी धरून ठेवायची असेल, तर माझ्या मते तरी ती डिस्क्रिप्टरला बांधलेलीच बरी.

आता 'जीपीआयओइन्फो' ही लाइनींची यादी दाखवणारी आज्ञा चालवली की त्या लाइनपुढे माझ्या प्रोग्रामने दिलेलं नाव दिसतं: पंप.