कोथरूड ते सातारा : अ‍ॅटो ३
२०२२ मध्ये भारतात आलेल्या बीवायडी अ‍ॅटो ३ ने आम्ही सहकुटुंब साताऱ्याला जाऊन आलो. या चिनी गाडीच्या ६०.४८ किलोवॉट-तासांच्या ब्लेड बॅटरीत लिथियम-आयर्न-फॉस्फेट वापरले असून, ते तुलनेने तापमान अधिक सोसते, हे आम्हाला मोलाचे वाटले. खंबाटकीच्या उतारावर पाय उचलताच मोटर जनित्रासारखी फिरून बॅटरीत वीज परत भरते, त्यामुळे ब्रेकला फारसे काम उरत नाही. दारांच्या कप्प्यांवर ताणलेल्या तारा छेडल्या की खरोखर वाजतात. मुले शिरवळपर्यंत त्यांतच रमली होती, मला मात्र तो पोरखेळ वाटला. ४४० लिटरच्या डिकीत बॅगांबरोबर कंदी पेढ्यांचे खोकेही मावले. सोसायटी पार्किंगमध्ये चार्जर बसवू देईपर्यंत मात्र आमची खरेदी लांबणीवरच आहे.